त्सो मोरिरीजवळचा लाल ठिपक्यांचा दगड १०० किमी खोलवरून आला म्हणे. हे कसं शक्य आहे?

भटक्या_डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी, सप्टेंबरात लडाख करून आलो, ट्रिपचं वर्णन वेगळं टाकेन (असं दरवर्षी म्हणतो) पण आत्ता एक किडा डोक्यात वळवळतोय तो आधी बाहेर काढतो. लेह-उपशी-चुमाथांग-माहे असं करत आम्ही त्सो मोरिरीला गेलो, कोरझोकला मुक्काम. तिथे होमस्टेमध्ये कॉलेजच्या पोरांचा एक जिऑलॉजीचा ग्रुप उतरला होता. रात्री थुक्पा खाताना त्यातल्या एकाने खिशातून काळपट हिरवा दगड काढला, आत डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल ठिपके, आणि अगदी सहज म्हणाला, काका हा दगड जमिनीच्या १०० किलोमीटर खाली जाऊन परत आलाय.

मी हसलो. पोरगा नाही हसला.

आता मला दहावीच्या भूगोलातलं जेवढं आठवतंय ते म्हणजे चुनखडीचा संगमरवर होतो, शेलची स्लेट होते, दाब आणि उष्णता वगैरे वगैरे. रूपांतरित खडक. ते ठीक आहे. पण माणसाने आजवर पाडलेलं सगळ्यात खोल भोक म्हणजे रशियातलं कोलाचं, ते सव्वाबारा किलोमीटरच्या आसपास थांबलं, मग १०० किलोमीटरची गोष्ट हे लोक एवढ्या खात्रीने कशाच्या जोरावर करतात? आणि समजा गेला खाली, वर कसा आला, लिफ्ट आहे का? आणि तो म्हणाला एक दगड नाही, सगळा भागच्या भाग तसा आहे, म्हणजे अख्खा प्रदेश खाली जाऊन वर आला असं समजायचं का? शेवटचं म्हणजे आपला सह्याद्री एवढा किलोमीटरभर जाड थर, खालच्या दगडावर केवढा दाब असेल, मग आपल्याकडे असे दगड का दिसत नाहीत.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. गुगल करून झालंय, शब्दच कळत नाहीत.

अर्धा_कटिंग

दाबाखाली राहून रंग बदललेले नमुने बघायला लडाखला कशाला जायला पाहिजे, मार्चएंडला आमच्या ऑफिसात या.

(हलकं घ्या. धागा इंटरेस्टिंग आहे, कोपऱ्यात बसून वाचतोय.)

गारगोटी

भटक्या, त्या पोराने फेकलेलं नाहीये. तुम्ही नेमक्या जागी जाऊन आलात. भूगर्भवाले त्या भागाला त्सो मोरारी म्हणतात (नकाशात मोरिरी, पेपरात मोरारी, का ते विचारू नका) आणि तिथल्या त्या दगडाचं नाव एक्लोगाइट. लाल दाणे गार्नेटचे, हिरवा भाग ऑम्फसाइट नावाच्या खनिजाचा. मी बरीच वर्षं हा विषय शिकवायचे, आता निवृत्त आहे, त्यामुळे लांबण लागली तर समजून घ्या.

आधी १०० किलोमीटरचं. खोली कुणी मोजत नाही, दाब मोजतात, आणि तो दगडातच लिहिलेला असतो. वाळूतलं साधं क्वार्ट्झ, म्हणजे माझंच नाव, ते साधारण २७-२८ किलोबार दाबाला टिकत नाही, त्याचे अणू जास्त दाटीवाटीने बसतात आणि त्याचं कोएसाइट होतं. १ किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारपट, आणि वर दगड रचलेला असेल तर दर साडेतीन किलोमीटरला साधारण १ किलोबार वाढतो. करा गुणाकार. पंचाण्णवच्या आसपास येतं.

आता गंमत अशी की कोएसाइट वर येताना दाब उतरला की परत क्वार्ट्झ व्हायला बघतं, आणि क्वार्ट्झला जागा दहा टक्के जास्त लागते. पण ते जर गार्नेटच्या दाण्याच्या पोटात अडकलेलं असेल तर गार्नेट त्याला फुगूच देत नाही. झाकण घट्ट बसलेला कुकर समजा, बाहेर गॅस बंद झाला तरी आतला दाब तसाच. त्यामुळे एखादा कण तसाच कोएसाइट राहतो, आणि गार्नेटला त्या कणाभोवती चांदणीसारख्या भेगा पडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हे पहिल्यांदा १९८४ साली दोन ठिकाणी सापडलं, इटलीतल्या आल्प्समध्ये डोरा मायरा भागात क्रिस्तियाँ शोपाँ यांना आणि नॉर्वेत डेव्हिड स्मिथ यांना. त्याआधी जमिनीच्या कवचातला खडक इतका खोल जाऊन परत येतो असं म्हटलं असतं तर लोकांनी तुमच्यासारखंच हसून सोडून दिलं असतं. आपल्याकडे त्सो मोरारीतल्या कोएसाइटची बातमी २००१ साली आली, डेहराडूनच्या वाडिया इन्स्टिट्यूटच्या लोकांनी शोधलं. त्याच वर्षी पलीकडे पाकिस्तानात कागान खोऱ्यातूनही आली.

आता खरा मुद्दा, आणि इथेच पाठ्यपुस्तकातलं "दाब व उष्णता" हे जोडनाव घोटाळा करतं. त्या दोन गोष्टी जोडीने चालतातच असं नाही. जमिनीत कुठेही खाली गेलात की दाबही वाढतो आणि तापमानही. साध्या ठिकाणी ३० किलोमीटर खाली ५०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. अशा ठिकाणी जे खडक होतात ते वेगळे. हे जे तुमचं एक्लोगाइट किंवा त्याचा धाकटा भाऊ ब्लूशिस्ट, त्याला दाब भरपूर पण उष्णता बेताची लागते. ३० किलोमीटर खोल पण तापमान फक्त २५०-३००. असं थंड आणि खोल एकाच वेळी पृथ्वीवर कुठे मिळतं? एकच जागा, जिथे एक प्लेट दुसरीच्या खाली बुडतेय तिथे.

फ्रीझरमधलं कटलेट थेट कढईत सोडलंय का कधी? वरून करपतं आणि आत बर्फ. तसंच. बुडणारी पाटी वरून समुद्राने गार केलेली, ती वर्षाला समजा १० सेंटिमीटर खाली जातेय, म्हणजे १० लाख वर्षांत १०० किलोमीटर. आणि दगडातून उष्णता सरकते फार हळू, १० किलोमीटर जाडीच्या दगडात आरपार मुरायला ३० लाख वर्षं लागतात. म्हणजे दगड खोल पोचला तरी अजून तापलेला नाही. ब्लूशिस्ट म्हणजे हा घाईत बुडलेला दगड. त्यातल्या ग्लॉकोफेन नावाच्या खनिजामुळे तो निळसर दिसतो, तुम्ही कारगिलकडून लेहला आला असाल तर वाटेत शेरगोल लागलं असेल, त्या भागात आहे हा खडक. टेथिस, म्हणजे भारत आणि आशियाच्या मधला तेव्हाचा समुद्र, त्याचा तळ आशियाखाली बुडत होता त्या वेळचा.

त्यामुळे सह्याद्रीचं उत्तर आपोआप आलं. कोयनेला भोकं पाडली तेव्हा बेसॉल्टचा थर साधारण किलोमीटरभर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइस (नाइस म्हणजे पट्टेरी रूपांतरित खडक). किलोमीटरभर दगडाचा दाब किती? ३०० बार. आपल्याला २७ हजार बार पाहिजेत. नुसता थरावर थर रचून हे काम होत नाही हो, कितीही लाव्हा ओता.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. त्सो मोरारीतले ते एक्लोगाइटचे गोळे मुळात बेसॉल्टचेच आहेत, आणि त्यांचं रसायन काश्मीरच्या पंजाल ट्रॅपशी जुळतं. पंजाल ट्रॅप म्हणजे साधारण २९ कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा, आपल्या डेक्कन ट्रॅपचा थोरला चुलतभाऊ म्हणा. एकाच जातीचा काळा पत्थर, एक सिंहगडावर उन्हात बसलाय आणि एकाला १०० किलोमीटर खाली जाऊन गार्नेट होऊन यावं लागलं, कारण तो भारताच्या पुढच्या, म्हणजे आशियाला धडकणाऱ्या कडेला होता.

वर कसा आला ते उद्या लिहिते, नातवाला क्लासहून आणायचंय.

अर्धा_कटिंग

ताई, ऐन वेळी "क्रमशः" टाकलंत! वाचनखूण साठवली आहे.

बॉयलर_सूट

छान प्रतिसाद. पण एक शंका, मी मेकॅनिकलवाला आहे, जिऑलॉजीतलं काही कळत नाही तरी बोलतो. तुम्ही दाबावरून खोली काढताय तेव्हा गृहीत धरताय की दाब म्हणजे फक्त वरच्या दगडाचं वजन. पण दोन प्लेट एकमेकींना रेटतायत, शिकंजात धरल्यासारखं. मग वजनापेक्षा जास्तीचा दाब नाही का येणार? ४० किलोमीटरवरच २७ किलोबार मिळाले तर १०० किलोमीटरची सगळी कहाणी पडली की.

गारगोटी

बॉयलरसाहेब, नेमका प्रश्न. आणि हा वाद खरंच आहे, मोठमोठे लोक यावर भांडतात. कडेकपारीत, खूप मजबूत दगडाच्या आत, थोडा जास्तीचा दाब राहू शकतो असं गणितं सांगतात. पण बहुतेक लोक (आणि मीही) यासाठी अख्खी खोली सोडायला तयार नाहीत, कारण ६००-७०० अंशाला ओलसर दगड आणि त्यातही क्वार्ट्झ हे फार मऊ असतं, लाखो वर्षं नुसतं रेटत राहिलात तर ते वाहून जातं, ताण धरून ठेवत नाही. शिकंजात लोखंड धरता येतं, कणीक नाही धरता येत. शिवाय काही ठिकाणी, उदा. कझाकस्तानच्या कोकचेतावमध्ये, अशा खडकात बारीक हिरे सापडले, १९९० साली छापून आलंय. तिथे तर अजूनच खोल जावं लागतं.

आता वर येण्याचं. खाली गेलं ते नुसतं बेसॉल्ट नव्हतं. समुद्राचा तळ संपला आणि त्याच्या मागे बांधलेला भारत पण आशियाखाली ओढला गेला, मालगाडीच्या इंजिनामागे डबे जावेत तसा. त्या डब्यांत बहुतांशी ग्रॅनाइट. तुम्ही पुगावरून पोलोकोंगका ला ओलांडून त्सो करला गेला असाल तर तो खडक तुमच्या टायरखाली होता, मूळचा साधारण ४८ कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट. आता वजनं बघा. प्रावरणाची घनता ३.३ च्या आसपास, बेसॉल्टची ३ च्या आत, पण बेसॉल्टचं एक्लोगाइट झालं की ३.४-३.५, म्हणजे ते प्रावरणातही बुडणार, परत यायचं नावच नाही. समुद्रतळाचं बहुतेक एक्लोगाइट असंच कायमचं जातं, आणि जाता जाता मागच्या पाटीला खाली ओढत राहतं.

ग्रॅनाइट मात्र कितीही दाबा, प्रावरणापेक्षा हलकाच राहतो. बादलीत चेंडू दाबून धरलाय आणि हात सुटला, तसं. खाली बुडालेला समुद्रतळ तुटून गेला किंवा ग्रॅनाइटचा पापुद्रा त्याच्यापासून सोलला गेला की तो पापुद्रा उसळी मारून वर येतो आणि येताना पोटातले एक्लोगाइटचे गोळे घेऊन येतो. शिऱ्यातले बेदाणे बघा, बेदाणा स्वतः वर येत नाही, शिरा वाढला की ताटात येतो. त्सो मोरारीत हे सगळं, खाली जाणं आणि निम्म्याहून जास्त वर येणं, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी थोडक्या काळात उरकलं. थोडक्या म्हणजे काही दशलक्ष वर्षं, आमच्यात त्याला चटकन म्हणतात.

आणि चटकन यावंच लागतं. रेंगाळला तर खालची उष्णता मुरते आणि सगळा पुरावा पुसला जातो, एक्लोगाइटचं साधं अँफिबोलाइट, म्हणजे कमी दाबाचा काळपट खडक, होऊन जातं. मुख्य हिमालयात बऱ्याच ठिकाणी तेच झालंय, तिथे कवच जाड होऊन कोट्यवधी वर्षं सावकाश शिजत राहिलं. म्हणून असे खडक इतके थोडे दिसतात. झाले नाहीत असं नाही, टिकले नाहीत.

फ्योर्डकाठचा_फणस

बर्गेनहून लिहितोय, नोकरीनिमित्त इथे आहे, मूळ सावंतवाडी. भटक्याभाऊंचा तो "अख्खा प्रदेश गेला का" वाला प्रश्न राहिलाच म्हणून लिहितो, कारण तोच प्रश्न इथे नॉर्वेत लोकांनी कितीतरी वर्षं भांडून सोडवलाय. इथे पश्चिम किनाऱ्यावर शेकडो किलोमीटर नाइस पसरलाय आणि त्यात मधेमधे एक्लोगाइटचे गोळे. एक पार्टी म्हणायची गोळे परके, खालून प्रावरणातून येऊन नाइसमध्ये घुसलेत, नाइस स्वतः कधी खोल गेलाच नाही. दुसरी पार्टी म्हणायची सगळं एकत्रच गेलं, नाइसने वर येताना कपडे बदलले आणि गोळ्यांनी बदलले नाहीत एवढंच. शेवटी दुसरी पार्टी जिंकली, कारण नाइसमध्येही त्या दाबाच्या खुणा सापडल्या, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गोळ्यांचे दाब नकाशावर मांडले तर ते विस्कळीत नाहीत, आग्नेयेकडून वायव्येकडे, म्हणजे देशाच्या आतून किनाऱ्याकडे, क्रमाने वाढत जातात. परके पाहुणे असे उंचीप्रमाणे रांगेत उभे राहत नाहीत! म्हणजे सगळी पाटीच तिरकी खाली गेली होती, किनाऱ्याची बाजू सगळ्यात खोल. ४० कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट, तेव्हाचा हिमालयच होता तो.

आणि ताई, एक भर घालू का? इथे जवळच होल्सनॉय नावाचं बेट आहे, रविवारी गाडी काढून जाता येतं, मी बायकोला फसवून तीनदा नेलंय. तिथे एकाच कातळावर करड्या रंगाचा जुना ग्रॅन्युलाइट आणि त्यातून गेलेले काळपट एक्लोगाइटचे पट्टे दिसतात. दोन्ही दगड एकाच वेळी एकाच खोलीला होते, ५०-६० किलोमीटर. पण ग्रॅन्युलाइट ठणठणीत कोरडा, त्याला पत्ताच नाही आपण कुठे आलोय त्याचा, तसाच्या तसा राहिला. जिथे भेग पडून पाणी शिरलं तिथेच बदलला, भेगेच्या दोन्ही बाजूंना हातभर. हाकॉन ऑस्टरहाइम यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. म्हणजे दाब असून भागत नाही, पाणी लागतंच. कोरडा तांदूळ कुकरमध्ये कितीही शिट्ट्या देऊन बघा.

गारगोटी

फणसराव, होल्सनॉयचे फोटो टाका ना, आयुष्यभर पुस्तकात दाखवलं वर्गात, प्रत्यक्ष जाणं झालं नाही. उदाहरण अगदी योग्य दिलंत.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, बुडणाऱ्या पाटीतलं पाणी जातं कुठे हेही लेहमध्येच दिसतं. खोल गेल्यावर पाणी धरून बसलेली खनिजं फुटतात, पाणी सुटून वरच्या गरम प्रावरणात शिरतं, त्याने तिथला दगड वितळतो आणि वर ग्रॅनाइट न् ज्वालामुखींची रांग तयार होते. लेहच्या मागचे ते फिक्या रंगाचे उघडे डोंगर, लडाख बॅथोलिथ, ती हीच रांग. म्हणजे सिंधूच्या दक्षिणेला दाबाचे खडक आणि उत्तरेला उष्णतेचे, शेजारीशेजारी. अशी जोडी असते हे अकिहो मियाशिरो यांनी १९६१ साली जपानातले पट्टे बघून मांडलं, तेव्हा प्लेट टेक्टॉनिक्स नाव पण जन्मलं नव्हतं. मला तर हे वाचून आजही भारी वाटतं.

वैनगंगेचा_वाळू

उशिरा आलो धाग्यावर. मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे कायनाइट निघतं जिल्ह्यात, आणि शाळेत सर सांगायचे कायनाइट म्हणजे जास्त दाबाचं खनिज. मग महाराष्ट्रात असे दगड नाहीत हे कसं काय? विदर्भाला विसरू नका राजेहो.

गारगोटी

विसरले नाही हो, चूक माझी, सह्याद्रीवरच थांबले. तुमचे सर बरोबर आहेत पण "जास्त" म्हणजे कुणापेक्षा ते बघावं लागतं. तेच रसायन तीन रूपांत येतं, अँडाल्युसाइट, सिलिमनाइट आणि कायनाइट, आणि त्या तिघांत कायनाइट जास्त दाबाचं. तिघांची सीमा जिथे मिळते तो बिंदू साधारण ५०० अंश आणि ४ किलोबारच्या आसपास. म्हणजे कायनाइट व्हायला १५-२० किलोमीटर खोली पण पुरते. डोंगर उभे राहताना कवच जाड झालं की हे सहज होतं, त्याला १०० किलोमीटरची गरज नाही. भंडाऱ्याचा खडक शंभर टक्के दाबाचाच, फक्त इयत्ता वेगळी.

आणि विदर्भातले, कोकणच्या दक्षिण टोकाचे ते जुने खडक इतके म्हातारे आहेत की त्यांच्यात ब्लूशिस्ट शोधून उपयोगही नाही. सुमारे ८० कोटी वर्षांपेक्षा जुना ब्लूशिस्ट जगातच जवळजवळ मिळत नाही. बऱ्याच जणांचं म्हणणं असं की तेव्हा पृथ्वी आतून जास्त गरम होती, त्यामुळे गारच्या गार खाली जाणं जमायचंच नाही.

भटक्या_डोंबिवलीकर

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. आता एक कबुली. चिरंजीवांनी सुमदोजवळ रस्त्याच्या कडेचा तसलाच एक दगड उचलून सॅकमध्ये टाकला होता, मला घरी आल्यावर कळलं. (हो, माहितीये, उचलायला नको होता, शिव्या खाल्ल्यात घरच्यांच्या.) लाल दाणे आहेत पण प्रत्येक दाण्याभोवती काळी कड आहे. हे एक्लोगाइटच का?

गारगोटी

तळ्याचा परिसर राखीव आहे, पुन्हा नको हं. पण आलाच आहे तर एक करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, दगडाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आता जो आकडा येईल तेवढं त्याचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ३.४ च्या वर आलं तर पार्टी तुमच्याकडून.

भटक्या_डोंबिवलीकर

केलं. वजन २१२ ग्रॅम, पाण्यात ६६. म्हणजे ३.२. नापास का?

गारगोटी

नापास नाही, अधलामधला. ती काळी कड बघूनच वाटलं होतं. वर येताना थोडं पाणी शिरलं, दाब उतरला, आणि गार्नेटच्या कडेने अँफिबोल, म्हणजे पाणी धरून बसणारं काळपट खनिज, वाढायला लागलं. हा बहुतेक अर्ध्यात कपडे बदललेला एक्लोगाइट आहे, फणसरावांच्या भाषेत. पण तो सुरुवातीपासून साधा गार्नेट अँफिबोलाइटच असणंही शक्य आहे, नुसत्या काट्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पातळ काप काढून गार्नेटच्या पोटात बघावं लागेल, ऑम्फसाइटचा एखादा कण अडकलेला मिळाला तर प्रश्न मिटला. जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र विभाग असेल तर विचारून बघा, काप करणारे मामा चांगले असतात, चहा पाजला की करून देतात.

अर्धा_कटिंग

चहाचं नाव निघालं म्हणून आलो. काप निघाला की फोटो इथेच टाका, नवीन धागा काढू नका.